मी पुन्हा चालू लागले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदाच्या वर्धापनदिनी तुम्ही चार शब्द बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? मी जुनी अकरावी झालेली बाई. हळदीकुंकवाला उखाणा घेतला, तेवढेच माझे वक्तृत्व." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा चालायला कशा लागलात, तेवढेच सांगा." मग मात्र मला नाही म्हणवेना. थोड्या वेळापूर्वी मी या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून वर आले, तेव्हा आपण कौतुकाने टाळ्या वाजविल्यात. 2023 सालच्या भाद्रपदात मला पलंगाच्या कडेवर उठून बसणेदेखील नको वाटत होते. तेथून या तीन पायऱ्यांपर्यंतचा प्रवास मी आज सांगणार आहे. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा मी सांगते ते औषध म्हणून न घेता अनुभव म्हणून घ्यावे, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

2023 च्या श्रावणातली गोष्ट. मंगळागौरीचा दिवस जवळ आला होता. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि मी कुंड्यांतली तुळस खुडावयास गॅलरीत गेले. पायांत घरातली जुनी, तळ गुळगुळीत झालेली चप्पल होती. फरशी ओली आहे हे दिसत होते. पण रोजचीच गॅलरी, तिला काय घाबरायचे, असे मनात असते ना! पाय सरकला आणि मी उजव्या कुशीवर पडले. उठावयास गेले तो उठता येईना. सूनबाई धावत आल्या. त्यांनी पाहिले तर उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडले होते. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, खुब्याचे हाड मोडल्याची ही जुनी ओळखीची खूण आहे. अशा वेळी माणसाला ओढून उभे करू नये. पडले असेल तेथेच नीट ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. आमच्या सूनबाईंनी तसेच केले.

एक्स-रे निघाला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली आहे असे निदान झाले. "शस्त्रक्रिया करून सांधा बदलावा लागेल," डॉक्टर म्हणाले. मुलगा कागदांवर सह्या करीत होता. हे खुर्चीवर बसून चष्मा पुशीत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या वेळी रुग्णालय नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे 1984 साल होते आणि पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याचे माजघर होते.

भगिनींनो, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. माझ्या सासूबाई 1984 साली उंबरठ्याला अडखळून पडल्या. त्यांचे वय तेव्हा सत्तर. हाड मोडले ते हेच, बाजूही हीच. त्यांचीही शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले होते, "आता यांना उठवा, चालवा." पण चालवायचे म्हणजे काय करायचे, हे आमच्या घरात कोणास ठाऊक होते? भौतिकोपचार हा शब्दच आम्ही ऐकला नव्हता. आणि आमच्यापाशी माया फार होती. सासूबाई जरा हलल्या की मी म्हणावे, "तुम्ही पडून राहा, मी आहे ना." जेवण पलंगावर, वेणी पलंगावर, सगळे पलंगावर. येणारीजाणारी मंडळी म्हणत, "सून असावी तर अशी!" मला ते ऐकून धन्य वाटे.

सासूबाई एकच मागणे मागत. "मला एकदा देवघरापर्यंत ने गं." पलंगापासून देवघर चौदा पावलांवर होते. मी म्हणे, "उद्या नेते हं." खरे सांगायचे तर मला भीती वाटत असे की, त्या पुन्हा पडतील आणि बोल माझ्यावर येईल. शिवाय दोन लहान मुले, चूल, पाणी भरणे. त्यांना धरून चौदा पावले चालविण्यापेक्षा ताट पलंगाशी नेणे मला सोपे होते, हेही आज कबूल करते. तो उद्या कधी उगवला नाही. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला, पाय काटकीसारखे झाले. सातव्या महिन्यात त्या गेल्या. खुब्याचे हाड मोडले म्हणजे माणूस गेलेच, असे सगळे म्हणाले. मीही तसेच म्हटले. तसे म्हटल्याने मनाला बरे वाटत होते.

म्हणून माझे हाड मोडले तेव्हा मी मनाशी म्हटले, आता आपलीही पाळी आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना तसे बोलूनही दाखविले. त्यांनी खिशातले पेन काढून कागदावर मला सांधा काढून दाखविला. शाळेत आपण सर्वांनीच शिकले आहे, खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात उखळीसारखी खोलगट वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. गोळ्याखालची मान मोडली की, गोळ्याला होणारा रक्ताचा पुरवठा बहुधा तुटतो आणि उतारवयात ते हाड पुन्हा सांधून येईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून गोळा काढून कृत्रिम गोळा बसवितात; काहींची वाटीही बदलतात. माझे दोन्ही बदलले. या शस्त्रक्रियेला आजचे रूप देणारे सर जॉन चार्नली नावाचे इंग्रज शल्यविशारद होते. धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा प्रयोग त्यांनी प्रथम केला. पण ती वाटी काही वर्षांतच झिजून गेली आणि रोग्यांना पुन्हा त्रास सुरू झाला. त्यांनी हार न मानता दुसरे, अधिक चिवट प्लॅस्टिक शोधले आणि 1962 च्या नोव्हेंबरपासून नव्या वाटीचे सांधे बसविण्यास आरंभ केला. त्याच मार्गाने आज जगभर सांधे बदलले जातात. एवढे सांगून डॉक्टर म्हणाले, "सांधा बसविणे माझे काम. तो चालविणे तुमचे. माझे काम दोन तासांचे, तुमचे तीन महिन्यांचे."

त्या वेळी मला वाटले, डॉक्टर धीर देण्यासाठी बोलत आहेत. ते हिशेबाचे बोलत होते हे मागाहून कळले.

शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी एक मुलगी माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, उठायचे ना?" मला राग आला. एक तर आजी म्हटल्याचा, आणि दुसरा उठा म्हटल्याचा. काल माझे हाड कापले आणि आज ही मला उठविते! त्या आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई. वयाने माझ्या नातीएवढ्या. पण मी त्यांना बाईच म्हणते. ज्याच्याकडून विद्या घ्यावी त्याला मान द्यावा. त्यांनी मला आधी कुशीवर न वळता पलंगाच्या कडेला कसे सरकायचे ते दाखविले, वॉकर पुढे ठेवला आणि मला उभे केले. डोके गरगरले, घाम फुटला. मी मोजून चार पावले टाकली आणि परत बसले. "आजचे काम झाले," त्या म्हणाल्या. चार पावलांनाही काम म्हणतात हे मला त्या दिवशी समजले.

भगिनींनो, या विद्येविषयी मला पुढे कुतूहल वाटू लागले आणि नातीकडून मी थोडी माहिती करून घेतली. इंग्लंडमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन मालिश शिकलेल्या स्त्रियांची एक संस्था काढली. त्या काळी मालिशच्या नावाखाली नको ते धंदे चालत. म्हणून आपल्या कामाची अब्रू राखावी आणि शिक्षणाला शिस्त लावावी, हा त्या बायांचा हेतू होता. त्या संस्थेतूनच तेथील फिजिओथेरपीचा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा निघाली आणि 1955 साली हाजीअली येथे अपंगांच्या पुनर्वसनासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. म्हणजे चार बायांनी एकत्र येऊन आरंभलेल्या कामाचा लाभ सव्वाशे वर्षांनी आपल्या पेठेतल्या एका बाईला झाला. महिला मंडळात हे सांगावयास मला अभिमान वाटतो.

सहाव्या दिवशी मला घरी सोडले. आमच्या बाई एक दिवसाआड घरी येऊ लागल्या. व्यायाम पाहिलेत तर हसाल, इतके साधे. निजल्या निजल्या दोन्ही पावले वरखाली करावयाची. त्याने पोटरीतले रक्त खेळते राहते आणि गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो गुडघ्याने खाली दाबायचा आणि पाच अंक मोजायचे. त्याने मांडीचा स्नायू जागा होतो. टाच गादीवरून घसरवीत पाय सावकाश दुमडायचा, पण फार नाही. पाय सरळ ठेवून बाजूस सरकवावयाचा आणि परत आणायचा. काही दिवसांनी, ओट्याला धरून उभे राहून पाय बाजूस उचलायचा. सगळे दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच वही घातली, रकाने पाडले आणि रोजची नोंद सुरू केली.

दोन आठवडे सारे सुरळीत चालले. टाके निघाले. मग गणपतीसाठी आमच्या बाई आठ-दहा दिवस कोकणात आपल्या गावी गेल्या. त्या गेल्या त्याच दिवशी संध्याकाळी कमोडच्या खुर्चीवरून उठताना माझा पाय लटपटला. सूनबाईंनी धरले म्हणून पडले नाही. काही झाले नव्हते. पण माझी छाती अशी धडधडू लागली की, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी सूनबाईंना म्हटले, "आज नको." त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आई, तुम्ही पडून राहा, मी आहे ना."

हे माझेच शब्द. मी सासूबाईंना म्हणत असे तेच. पण त्या क्षणी मला ते ऐकू आले नाहीत. नुसते गोड वाटले.

मग उशाशी घंटी आली. जेवण पलंगावर आले. यांनी वही घेऊन विचारले की मी म्हणावे, "झाले दहा-दहा, लिहा." ते विश्वासाने लिहीत. बाहत्तर वर्षांची बाई शाळकरी मुलीसारखी खोटे बोलत होती! गौरी आल्या आणि गेल्या. मी पलंगावरूनच हात जोडले. आठ दिवसांनी बाई परत आल्या. त्यांनी वही पाहिली, मग मला म्हटले, "उभ्या राहा." मला उभे राहता येईना. आधी जे येत होते तेही येईना. त्यांनी वही मिटली. रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "आजी, दुखते म्हणून थांबलात, की भीती वाटते म्हणून?"

त्या प्रश्नाला मला रडू फुटले. दुखत नव्हतेच. जे होते ते भय होते.

बाईंनी त्या दिवशी व्यायाम घेतला नाही. जवळ बसून समजावून सांगितले. म्हणाल्या, "म्हातारपणी स्नायू पडून राहिले तर फार लवकर वितळतात आणि परत मिळविताना कितीतरी पट दिवस लागतात. पाय लटपटला तो सांधा बिघडला म्हणून नव्हे, स्नायू अशक्त आहेत म्हणून. त्यांना विश्रांती दिलीत तर ते अधिक अशक्त होतील आणि मग तुम्ही खरोखरच पडाल." नंतर त्यांनी मला दुखण्यादुखण्यातला फरक शिकविला. व्यायामाने स्नायू ताणला जाऊन जे दुखते आणि थोड्या वेळाने शमते, ते कामाचे दुखणे. त्याला भिऊ नये. परंतु पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी वाहू लागले, धाप लागली किंवा छातीत दुखले, अथवा खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, तर व्यायाम थांबवून त्याच वेळी डॉक्टरांना कळवायचे. हा फरक मनात पक्का बसला आणि माझे अर्धे भय गेले.

मग त्यांनी विचारले, "तुम्हांला कुठवर चालायचे आहे?" मला वाटले, त्या पावलांचा हिशेब विचारीत आहेत. माझ्या तोंडून निघून गेले, "देवघरापर्यंत." आमचा वाडा जाऊन आता तेथे इमारत आहे, आमच्या घरातले देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा एक कोनाडा. त्यांना त्या शब्दामागचे काहीच ठाऊक नव्हते. त्या सहज म्हणाल्या, "मग उद्यापासून तिकडेच जाऊ." मैत्रिणींनो, त्यांनी "उद्या" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी खरोखर आल्या.

त्यानंतर मी एकही दिवस चुकविला नाही. घंटी मी स्वतःच कपाटात ठेवून दिली. सूनबाईंना सांगितले, "मला पाणी आणून देऊ नका, माझ्या मागे चाला." त्यांना ते जड गेले, माणसाला धडपडताना पाहणे पाणी आणून देण्यापेक्षा कठीण असते. पण त्या चालल्या. नवरात्रात वॉकर सुटून हातात काठी आली. तीही मी आधी चुकीच्या हातात धरली होती. सगळ्यांना वाटते, दुखऱ्या बाजूला काठी हवी. तसे नाही, काठी चांगल्या बाजूच्या हातात धरावयाची. चालताना प्रत्येक पावलास क्षणभर आपण एकाच पायावर उभ्या असतो. त्या वेळी शरीर दुसऱ्या बाजूस कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू जोराने ओढून धरतात आणि सांध्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पलीकडच्या हातात काठी असली की, कलत्या बाजूस टेकू मिळतो आणि स्नायूंची ओढ हलकी होते. कावडीचे एक पारडे खाली जाऊ लागले की आपण त्यालाच हात लावतो, तसे हे. जिन्याचा नियमही सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. माझी धाकटी नात पायरीवर उभी राहून मला तो ओरडून सांगत असे.

आता घरातल्या गोष्टी सांगते, कारण पुस्तकातला सल्ला आपल्या घरात आणताना खरी अडचण होते. माझी शस्त्रक्रिया मागील बाजूने झाली होती. त्यामुळे पहिले तीन महिने मांडी पोटाकडे काटकोनापलीकडे वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही, अशी बंधने होती. शस्त्रक्रियेची रीत वेगळी असली तर बंधनेही वेगळी असतात. वजन किती टाकावे हेही प्रत्येकीला निराळे सांगतात. तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारावे. पण या तीन बंधनांत आपले सगळे आयुष्य आले, पाहा! पाटावर बसणे गेले, मांडी घालणे गेले, वाकून नमस्कार गेला, खाली बसून विळीवर चिरणे गेले, उकिडवे बसण्याचा संडास गेला. आम्ही पलंग ठोकळे लावून उंच केला, हातांची उंच खुर्ची आणली, कमोडवर उंची वाढविणारी बैठक बसविली, झोपताना दोन पायांमध्ये उशी ठेवली आणि खाली पडलेली वस्तू उचलावयास लांब चिमटा घेतला.

यांत सर्वांत कठीण काय गेले म्हणाल, तर खुर्ची. पूजेला सगळ्या खाली बसलेल्या आणि आपण एकटीच खुर्चीवर, याची मला इतकी लाज वाटे की, मी दोन ठिकाणची बोलावणी नाकारली. देवापुढे उंच बसावे कसे? शेवटी एका थोर वयाच्या शेजारीणबाईंनी मला दटावले, "देवाला तुझी खुर्ची दिसत नाही गं, तू आलीस का नाही ते दिसते." या मंडळात कितीजणी केवळ या लाजेपायी घराबाहेर पडत नसतील, याचा आपण विचार करावा.

दिवाळीच्या पाडव्याला मी काठी कोपऱ्यात ठेवून पलंगापासून देवघरापर्यंत चालत गेले. दिवा लावला आणि वाकता येत नव्हते म्हणून उभ्यानेच हात जोडले. मनातल्या मनात सासूबाईंना म्हटले, "मी फार उशिरा आणले तुम्हांला." याहून अधिक मला काही बोलता आले नाही, आजही येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी याच सभागृहात आले, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल.

भगिनींनो, दोषाचे ओझे आपण घेऊन फिरावे असे मी म्हणत नाही. 1984 साली आम्हांस ठाऊक नव्हते. पण आज ठाऊक आहे आणि म्हणूनच आज तीच चूक करण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाही. मी पाहते, शस्त्रक्रियेसाठी घरातली ठेव मोडतात. पण पुढे व्यायामाच्या बाईंची फी द्यायची वेळ आली की, ती वायफळ वाटते. विशेषतः रोगी बाई असली म्हणजे तीच आधी म्हणते, "मला नको, मी माझी करीन." आणि मग ती करीत नाही. सांधा बसविण्यात घातलेले पैसे चालण्यानेच वसूल होतात.

शिवाय पडूच नये म्हणून जे करता येईल ते आधी करावे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. पडेपर्यंत ती काही सांगत नाहीत. हाडांची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची चौकशी डॉक्टरांपाशी करावी. दूध, नाचणी, तीळ ताटात असू द्यावेत. रोज थोडे चालावे. न्हाणीघरात धरावयास दांडा, रात्री उठताना दिवा, सरकणारी पायपुसणी हद्दपार आणि गुळगुळीत चपला कचऱ्यात, एवढे आजच घरी गेल्यावर करावे. माझी ती चप्पल मी अजून ठेवली आहे. नव्या सुनांना दाखवते.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, या सभागृहात हातांच्या सहा उंच खुर्च्या कायम असाव्यात आणि त्या मागे न ठेवता पुढच्या रांगेत ठेवाव्यात. बाहेरच्या पायऱ्यांना व या व्यासपीठाला कठडा बसवावा. दुसरी, मंडळाने रुग्णोपयोगी साहित्य ठेवावे: दोन वॉकर, दोन काठ्या, एक कमोडची खुर्ची. ज्या घरी गरज पडेल तिने न्यावे, बरे झाल्यावर धुऊन परत आणावे. माझा वॉकर मी आज बरोबर आणला आहे. तो पहिला म्हणून स्वीकारावा. तिसऱ्या विनंतीस पैसा लागत नाही. आपण आजाऱ्याच्या समाचारास जातो तेव्हा सवयीने म्हणतो, "आता जपा हं, हलू नका." त्याऐवजी डॉक्टरांची परवानगी आहे ना, एवढे विचारून म्हणावे, "चला, मी आहे, दारापर्यंत जाऊन येऊ." फळांच्या पिशवीपेक्षा ती चार पावले अधिक मोलाची आहेत.

"मी आहे ना, तुम्ही पडून राहा" आणि "मी आहे ना, तुम्ही उठा," या दोन्ही वाक्यांत माया सारखीच आहे. पहिल्या वाक्याने माझ्या सासूबाई गेल्या. दुसऱ्याने मी आज आपल्यापुढे उभी आहे.

 आता मी खाली उतरते. कोणी धरू नका, नुसत्या बरोबर चाला. आणि लक्षात आहे ना? उतरताना दुखरा पाय आधी.